पहिल्या तोडणीचा पालक

अधीक्षक कुठल्या खात्यात आहेत, हे त्यांना जेवणाच्या टेबलावर कधीच सांगता आलं नाही. एखादा अनोळखी पाहुणा शेजारी बसून, घास तोंडात असताना, "आपण काय करता?" असं विचारायचा आणि अधीक्षक पाण्याचा पेला उचलून म्हणायचे, "पाण्याच्या बाजूला आहे." हे खोटं नव्हतं. शहरातल्या पाण्याला दोन बाजू असतात. एका बाजूने ते येतं, दुसऱ्या बाजूने जातं. अधीक्षक जाणाऱ्या बाजूला होते, म्हणजे मलनिःसारण खात्यात. येणाऱ्या पाण्याची माणसं फिती कापायला जातात आणि वर्तमानपत्रात हसताना दिसतात. जाणाऱ्या पाण्याचा फोटो फक्त काही बिनसलं की छापून येतो, आणि त्यातल्या माणसांच्या नाकाला रुमाल असतो.

अशा माणसाच्या आयुष्यात गेल्या वर्षी चहा आला.

तसा चहा घरात आधीही होताच. सकाळी बायको दूध, साखर आणि भुकटी एका भांड्यात घालून उकळवायची, तोच. पण तो चहा चुलतभावासारखा. असतो, लागतो, त्याच्याबद्दल कुणी मुद्दाम बोलत नाही. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने वाढदिवसाला पाठवलेला डबा मात्र वेगळा निघाला. त्यात भुकटी नव्हती, अख्खी पानं होती, आणि वर मुलगी मोबाईलच्या पडद्यावर हजर होती. "बाबा, आत्ताच्या आत्ता करून प्यायचा, मी बघतेय."

पहिल्या घोटाला अधीक्षकांना वाटलं, गरम पाण्याजवळून कुणीतरी पाला नुसता फिरवून नेलाय. पण समोर लेक डोळे लावून बसलेली.

"कसाय, बाबा?"

"याला एक..." अधीक्षकांनी छताकडे पाहिलं, "याला एक शांतता आहे."

"चव नसली की शांतता असतेच," पडद्याबाहेरून बायको म्हणाली.

प्रकरण खरं तर इथेच मिटायचं. पण हे वाक्य वाया जाऊ नये म्हणून अधीक्षकांनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते सोसायटीच्या सेक्रेटरींना ऐकवलं. सेक्रेटरी भारावले. कारण नसताना भारावणं हा त्या पदासाठी लागणारा गुण त्यांच्यात मुळातच होता. आठवड्याभरात त्यांनी फाटकाशी एका नव्या भाडेकरूला सांगितलं, "हे आमचे दुसऱ्या मजल्यावरचे. चहातले मोठे दर्दी!"

अधीक्षक जिन्यातच थबकले. इतकी वर्षं याच सेक्रेटरींनी याच फाटकाशी त्यांची ओळख "गटाराचं काही काम असलं तर हे आपले घरचेच" अशी करून दिली होती. चहातले दर्दी! त्या दिवशी ते लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले, कारण अशा माणसाने सावकाश वर जावं असं त्यांना वाटलं.

मग डबे येऊ लागले. एक धुरकट चहा आला, लाकडाच्या धुरावर वाळवलेला. तो उघडल्याबरोबर बायकोने धावत जाऊन गॅसचा मुख्य खटका बंद केला. एक पांढरा आला, इतका सौम्य की कपात चहा आहे की नाही हे खाली वाकून बघावं लागे. ऊलाँग नावाचा आला, ना हिरवा ना काळा, खात्यातल्या बढतीसारखा कायम अधलामधला. उंचावरच्या मळ्यातला, हंगामाच्या पहिल्या तोडणीचा आला, दोन पानं आणि एक कळी, त्याची वाट बघण्यात अधीक्षकांनी अख्खा हंगाम काढला. आणि एक आला वर्षानुवर्षं मुरवलेला, काळाकुट्ट. त्याच्या वाफेला खात्याच्या रेकॉर्ड रूमचा वास होता. जुने नकाशे, दमट पुठ्ठे आणि कधीही न उघडलेली कपाटं. तो पिताना अधीक्षकांना थेट कचेरीत बसल्यासारखं निर्धास्त वाटे. हे मात्र ते कुणाला सांगत नसत. चारचौघांत त्याच्याबद्दल ते "मातीशी नातं सांगणारा" असं म्हणत.

आपल्याकडे माणसाला छंद लागला की इमारतीला सल्ल्याची उबळ येते. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, पाणी उकळू म्हणून द्यायचं नाही. समोरच्या दारातला विमा एजंट म्हणाला, उकळू द्यायचं, मात्र मग त्याला विसरायचं. सेक्रेटरींच्या मते किटली मातीचीच हवी. दंतवैद्यांच्या मते काचेची, कारण मातीत काय काय राहतं हे माणसाला कळत नाही, आणि ते सांगताना त्यांनी अधीक्षकांच्या दातांकडे पाहिलं. सगळ्यांचा मान राखायचा म्हणून अधीक्षकांनी मातीचीही आणली, काचेचीही आणली, आणि पाण्याची उष्णता बघायला तापमापक काढला.

"पाण्याला कणकण आहे का हो?" बायकोने विचारलं.

जाळीचं प्रकरण याच काळातलं. उघड्या डब्यात ऊलाँग सादळला, आणि अशी पानं बारीक भोकांच्या धातूवर मंद आचेवर परतली की टवटवीत होतात, असं अधीक्षकांच्या वाचनात आलं. बारीक भोकांचा धातू घरात एकच होता. स्वयंपाकघरातल्या सिंकच्या तोंडावर बसवलेली जाळी. त्यांनी ती उचकटली, घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि गॅसवर ठेवली.

"आणि सिंकला काय?" बायको म्हणाली.

"परवा नवीन आणतो."

संसारात 'परवा' हा एक फार मोठा काळ असतो. ती जाळी डब्यांच्या फळीवर कायमची राहायला गेली आणि सिंकच्या तोंडाला भोक तेवढं राहिलं. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. "आपले सिंक, आपली जबाबदारी" ही खात्याची पुस्तिका अधीक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली होती. तिच्यातली पहिली सूचना 'सिंकला जाळी असावी' ही, आणि दुसरी 'चहाचा चोथा सिंकमध्ये टाकू नये' ही.

दुसरी ते कटाक्षाने पाळत. भिजलेली पानं बाल्कनीतल्या कुंड्यांत घालत. फक्त गाळत नसत. "गाळणं म्हणजे पानांना दारातून हाकलणं," असं ते पाहुण्यांना सांगत आणि पानांसकट कप पुढे करत. पाहुणे एक घोट घेत, डोळे मिटत, दाताला चिकटलेलं पान जिभेने सोडवत "वा!" म्हणत. आणि मग एक चमत्कार घडे. ज्यांनी स्वतःच्या घरी आयुष्यात कप उचलून ठेवला नसेल असे पुरुष ताडकन उठत. "नको नको, वहिनी, तुम्ही बसा. मी ठेवतो ना कप आत!" दंतवैद्य ठेवत. विमा एजंट ठेवत. सेक्रेटरी तर शेजाऱ्याचाही घेऊन जात.

"बघितलंस?" अधीक्षक बायकोला म्हणत, "चांगल्या चहाने माणूस सुसंस्कृत होतो."

ती तिचा कप आत ठेवायला गेलेली असे.

इमारतीत या संस्काराला दाद न देणारी एकच व्यक्ती होती. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे 'बाई' म्हणत. उभ्या हयातीत गणित शिकवलेलं. अधीक्षक प्रत्येक नवा चहा छोट्या बरणीत घालून घरोघर पाठवत. इतर घरांतून "अप्रतिम!", "केवळ दैवी!" असे निरोप येत. बाईंकडून बरणी धुऊन, पुसून परत येई आणि सोबत एक शब्द येई. "ठीक." पहिल्या तोडणीच्या चहालाही "ठीक." धुरकटाला तर "ठीक. पण खिडकी उघडी ठेवून प्यावा."

"ठीक?" अधीक्षक बरणी हातात घेऊन दारातच उभे राहिले होते. "वजाबाकी आहे का ती, ठीक म्हणायला?"

आणि तरीही कीर्ती वाढत गेली. वर्ष पुरं होत आलं तेव्हा सेक्रेटरींनी सूचनाफलकावर ठळक अक्षरांत जाहीर केलं: 'रविवारी संध्याकाळी गच्चीवर. "वर्षभरातले माझे आवडते चहा." सादरकर्ते: आपले चहातज्ज्ञ. सर्वांनी यावे.' अधीक्षक कामावरून परतताना फलकासमोर उगाच बुटाची नाडी बांधत. नाडी नसलेले बूट घातले होते त्या दिवशीही त्यांनी ती बांधली. 'चहातज्ज्ञ' या शब्दाच्या आसपास कुठेही पाण्याचा, नळीचा, झाकणाचा उल्लेख नव्हता. रविवारनंतर हे इमारतीत कायमचं पक्कं होणार होतं.

आणि गुरुवारी लाइन तुंबली.

पाणी बाईंच्या सिंकमधून वर आलं. पहिल्यांदा हळूच, चौकशीला आल्यासारखं. मग राहायलाच. बाईंनी स्वयंपाकघरात पायपुसणी रचून बांध घातला, आणि संध्याकाळी जिन्याखाली तातडीची सभा भरली.

आता, सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांचं पाणी एकाच उभ्या नळीतून खाली येतं, ती खालच्या वळणात तुंबली की सगळ्यात खालच्या सिंकमधून पाणी वर येतं, आणि त्यात खालच्या माणसाचा काडीचाही दोष असेलच असं नाही, हे त्या सभेत फक्त एका माणसाला ठाऊक होतं. त्याच्यावर त्याचा पगार चालू होता. पण त्या माणसाच्या कानात वर्षभर 'ठीक' घुमत होतं.

"साहेब, तुम्ही खात्यातले. काय कारण असेल?" सेक्रेटरींनी विचारलं.

अधीक्षक खाकरले. "साधारणतः असं दिसतं की तळमजल्याची नळी तळमजल्याच्या वापरामुळे तुंबते."

"माझा वापर?" बाई म्हणाल्या. "एक ताटली आणि एक कप!"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," अधीक्षक म्हणाले. तळमजल्यावर दुसरं कुणी राहत नव्हतं, तेव्हा नाव घ्यायची गरजही नव्हती.

सेक्रेटरींनी त्याच वेळी खात्याकडे तक्रार केली आणि शुक्रवारी ती फिरत फिरत अधीक्षकांच्याच टेबलावर आली.

"साहेब, ही तुमचीच इमारत ना?" शिपायाने फाईल ठेवत विचारलं.

"खात्यात इमारत कुणाची नसते," अधीक्षक कडकपणे म्हणाले.

खरं तर यंत्र पाठवा असं लिहिलं असतं तर काम तमाम होतं. खात्याच्या फवाऱ्याने एका दणक्यात सगळा अडथळा शहराच्या पोटात ढकलला असता आणि तो कशाचा होता हे जन्मात कुणाला कळलं नसतं. पण आपल्या इमारतीला झुकतं माप दिल्याचा आरोप नको, म्हणून अधीक्षकांनी सुबक अक्षरांत शेरा मारला: 'अडथळ्याचे कारण व जबाबदार सदनिका निश्चित झाल्याशिवाय यंत्र पाठविता येणार नाही. सोसायटीने स्वखर्चाने नळी उघडून तपासावी.' दोषी घराचं नाव फलकावर लावण्याची प्रथा इतर सोसायट्यांना उपयुक्त ठरली आहे, हेही त्यांनी खाली सुचवलं. मग तेच पत्र संध्याकाळी फलकावर रहिवासी या नात्याने वाचून "वा, खातं चोख आहे!" असंही म्हणाले.

शनिवारी सकाळी प्लंबर आला. हा प्लंबर कामापेक्षा निदानात रमणारा होता. नळीला हात लावण्याआधीच त्याने दोन इमारतींतल्या उंदरांच्या आणि एका घरातल्या सोन्याच्या अंगठीच्या हकिकती सांगितल्या. बाईंच्या स्वयंपाकघरामागच्या बोळात, जिथे उभी नळी वळते, तिथे सगळी इमारत जमली. वळणाचं झाकण उघडलं, प्लंबरने हात घातला आणि एक काळपट लगदा बादलीत टाकला.

"केस," तो म्हणाला.

"कुणाचे?" सगळ्यांनी टक्कल असलेल्या विमा एजंटाला वगळून एकमेकांकडे पाहिलं.

"केस नाहीत. गवत असेल." त्याने आणखी एक मूठ काढली, बोटांनी चिवडली आणि त्याचा चेहरा उजळला. "पालक! सरळ सरळ पालक आहे हो हा! तळमजल्याला पालेभाजी कोण धुतं?"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

"मी पालक खात नाही," बाई म्हणाल्या. "मला मुतखड्याचा त्रास आहे."

"म्हणजे धुऊन टाकून देत असाल," प्लंबर म्हणाला.

सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं. फलकावर लावायचं नाव आता ठरलंच होतं. बाई ताठ उभ्या होत्या, पण त्यांच्या पदराचं टोक त्यांच्या मुठीत होतं, आणि ते अधीक्षकांनी पाहिलं. वर्गात चोरीचा आळ आलेल्या पोराने शर्टाचं टोक धरावं तसं. अधीक्षकांना जरा कसंतरी झालं. ते नजर चुकवायला म्हणून बादलीकडे वळले. वर एक पान पसरलेलं होतं. कडेला नाजूक दाते, देठाशी जोडलेलं दुसरं पान, आणि मध्ये एक मिटलेली कळी.

ते पान त्यांनी ओळखलं. गप्प राहिलं तर? अजूनही सगळं सांभाळता येणार होतं. बाईंचं नाव फलकावर, आपलं गच्चीवर. जगात यापेक्षा मोठे अन्याय रोज होतात आणि जग चालतं.

"सडका पालक आहे," प्लंबर पान चिमटीत धरून म्हणाला. "असल्याला तर बकरी पण तोंड लावायची नाही."

आणि अधीक्षकांच्या आत काहीतरी तुटलं. त्यांना पुढे कित्येक दिवस असं सांगायला आवडलं असतं की बाईंवर होणारा अन्याय त्यांना बघवला नाही. पण सत्य असं की बकरी त्यांना सहन झाली नाही.

"पालक?" ते ओरडले. "पालक? डोळे आहेत का तुम्हाला? ही पहिल्या तोडणीची पानं आहेत! उंचावरच्या मळ्यातली! हे बघा, दोन पानं आणि एक कळी! या पानांसाठी माणसं हंगामभर वाट बघतात आणि तुम्ही बकरी म्हणता?"

बोळात शांतता पसरली. तीच ती, पहिल्या चहातली.

पण अधीक्षक आता थांबण्यापलीकडे गेले होते. त्यांनी बाह्या सरसावून बादलीत हात घातला. "आणि हा धुरकट! वास घ्या! घ्या हो! इतक्या पाण्यात राहून अजून वास आहे बघा, याला म्हणतात माल!" ते अभिमानाने मूठ एकेकाच्या नाकाखाली नेत होते. "हा ऊलाँग. हे गुंडाळलेलं पान कसं सावकाश उलगडलंय बघा!"

"साहेब," सेक्रेटरी अगदी हळू म्हणाले, "पण हे सगळं इथे कसं?"

अधीक्षकांचा हात हवेत राहिला.

"मी तर..." ते म्हणाले. "माझी पानं मी कुंडीत टाकतो."

मग त्यांनी वर पाहिलं. दंतवैद्य आभाळ बघत होते. विमा एजंट चपलेचा अंगठा तपासत होता. सेक्रेटरींना पेनाचं टोपण सापडत नव्हतं. आणि अधीक्षकांच्या कानात वर्षभरातली सगळी सुसंस्कृत माणसं एका सुरात म्हणू लागली, "नको नको, वहिनी, मी ठेवतो ना कप आत!"

"डॉक्टर," अधीक्षक खोल आवाजात म्हणाले, "हा पांढरा मी फक्त तुम्हाला दिला होता."

"दातांना डाग पडतात हो चहाने," दंतवैद्य पुटपुटले.

"पांढऱ्या चहाने?"

"खबरदारी म्हणून."

"आणि तुम्ही? 'केवळ दैवी' म्हणाला होतात!"

"मला वाटलं, दैवी आहे म्हणजे प्यायचा नसेल," विमा एजंट म्हणाला.

"सेक्रेटरी, तुम्ही तर दुसऱ्याचाही न्यायचात!"

"समाजसेवेची सवय, साहेब."

अधीक्षक बायकोकडे वळले. तिने नजर चुकवली नाही, उलट त्यांच्याकडेच रोखून पाहिलं. "रोज सकाळी," ती म्हणाली. "मला उकळलेला लागतो. आणि तुम्ही माझ्यापुढे कप धरून तोंडाकडे बघत बसायचात."

वर्षभराचा पाहुणचार बादलीत थराथराने पडलेला होता. अधीक्षकांचा आवाज चढत चालला. पाठीमागून चहा ओतणं, तोंडावर वाहवा करणं, हा विश्वासघात आहे, ही चवीची नाही तर नीतीची गोष्ट आहे, ज्याला आवडत नाही त्याने छातीठोकपणे सांगावं, असं बरंच काही ते बोलले. खात्यात कधी न मिळालेलं भाषण ते त्या बोळात करत होते, आणि ते रंगातही आलं होतं. तेवढ्यात प्लंबर म्हणाला, "ओ, हे बघा, फूल!"

नळीच्या अगदी तळातून त्याने ते अलगद वर काढलं होतं. हिरव्या पाकळ्यांच्या मधोमध एक लालसर फूल, पूर्ण उमललेलं. 'गरम पाण्यात पाच मिनिटांत फुलणारा गोळा,' असं त्या चहाच्या डब्यावर लिहिलेलं होतं. नळीत त्याने आपला वेळ घेतला होता, पण फुललं होतं असं की डब्यावरच्या चित्रानेही मान खाली घालावी. बोळातल्या बायकांच्या तोंडून "अय्या!" निघून गेलं.

"किती सुंदर," बायको म्हणाली. "हा कुणाला दिला होता हो तुम्ही?"

हा अधीक्षकांनी कुणालाच दिला नव्हता. डब्यात एकच गोळा होता. घरात कुणी नसताना त्यांनी तो स्वतःसाठी केला, एक घोट घेतला, आणि त्यांना लॉजच्या बाथरूममधल्या छोट्या साबणाची आठवण झाली. फुलायला वेळ न देता त्यांनी तो सिंकमध्ये रिकामा केला. 'टुप' असा आवाज झाला होता. नंतर पाहुण्यांना ते सांगत, "या सगळ्यांत मनाला भिडला तो फुलणारा. पण तो सांगून कळायचा नाही."

"पण एवढं फूल जाळीतून गेलंच कसं?" सेक्रेटरींनी विचारलं.

बायको वर गेली आणि खाली आली. तिने ती जाळी बादलीच्या कडेवर ठेवली. गॅसवर परतून परतून ती तव्यासारखी काळी झाली होती.

"परवा नवीन आणणार आहेत," ती म्हणाली.

आता सगळे अधीक्षकांकडे बघत होते. "छातीठोकपणे" हा शब्द अजून हवेत लटकत होता.

प्लंबरने काहीतरी करायचं म्हणून बाईंच्या घराची आडवी नळी उघडून आत टॉर्च मारला. "ही मात्र आरशासारखी आहे. पान नाही, कण नाही."

"नसणारच," बाई म्हणाल्या. "मी कप पिऊन रिकामा करते. पानं माझ्या झाडांना जातात. आपल्याला कुणी डबा दिला तर तो उरवू नये, हे मी पोरांना शिकवलंय."

"सगळे प्यायलात?" अधीक्षकांच्या तोंडून कसंबसं निघालं. "पण तुम्ही तर ठीक म्हणायचात."

"ठीक होते, म्हणून ठीक म्हटलं. तो काळा, जुन्या कपाटाच्या वासाचा, तेवढा चांगला होता. शाळेतल्या नकाशांच्या खोलीची आठवण झाली. त्याला मी 'बरा' म्हटलं होतं. तुमच्या लक्षात आलं नाही."

म्हणजे वर्षभर इमारतीत एकच माणूस त्यांचा चहा पीत होता, आणि त्याच माणसाच्या डोक्यावर ते पालक घालायला निघाले होते. अधीक्षकांनी लगदा बादलीत ठेवला. हात पुसायला काही नव्हतं. "बाई, माझं चुकलं," ते म्हणाले.

"ते झालंच. गुरुवारी सभेत काय सांगितलं होतं तुम्ही? तळमजल्याची नळी कशाने तुंबते?"

"तळमजल्याच्या... वापरामुळे."

"बरोबर आहे?"

"नाही, बाई."

"मग बरोबर काय?"

"पाणी वरून खाली येतं, बाई."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"पाणी वरून खाली येतं!" अधीक्षक म्हणाले. बोळाच्या टोकाशी उभ्या असलेल्या भाडेकरूनेही मान डोलावली. सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं. फलकावर नाव लावायचं तर आता सगळ्या इमारतीचंच लावावं लागलं असतं.

अधीक्षक घरी येऊन बाल्कनीत बसले. रविवार रद्द. फलकावरचं 'चहातज्ज्ञ' पुसलं जाणार आणि फाटकाशी पुन्हा 'गटाराचं काही काम असलं तर' सुरू होणार, तेही आता सप्रमाण. संध्याकाळी दारात बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. आत सिंकची नवी जाळी होती.

"परवा उजाडायची वाट बघू नका," त्या म्हणाल्या. "आणि उद्या गच्चीवर मी येणार आहे. कार्यक्रम जाहीर झालेला आहे."

"कुणी येणार नाही, बाई."

"सगळे येतील. तोंड लपवायला जागा नसली की माणसं वेळेवर येतात."

आणि खरोखरच सगळे आले. दंतवैद्य सहकुटुंब आले. विमा एजंट घरून खुर्च्या घेऊन आला. फलकावर 'चहातज्ज्ञ' तसंच होतं. खाली कुणीतरी पेन्सिलीने 'जाळी बसवली आहे' एवढंच लिहिलं होतं, आणि अक्षर अधीक्षकांच्या ओळखीचं, घरातलंच होतं.

अधीक्षकांनी कालपर्यंत पाठ केलेलं भाषण घरी ठेवलं होतं. मांडलेल्या डब्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आवडते पाच सांगायचे होते. त्यातले चार मी तुमच्यासाठी आवडून घेतले होते. एक माझा आहे. काळा. त्याला आमच्या रेकॉर्ड रूमचा वास येतो. मी मलनिःसारणात आहे, तिथल्या." गच्चीवरचा फराळ अजून चालू होता, तोंडात घास असलेले दोघेतिघे होते, तरी ते हे म्हणाले, आणि कुणाचा घास अडकला नाही.

मग त्यांनी चहा केला आणि कप वाटले. पानांसकट.

सगळ्यांनी पहिला घोट घेतला. सगळ्यांनी डोळे मिटले. "वा!" कुणीच म्हटलं नाही. सेक्रेटरी सवयीने ताडकन उठले. "नको नको, वहिनी, मी ठेवतो ना..." आणि कप हातात धरून तिथेच गोल फिरले. डावीकडे कठडा. उजवीकडे पाण्याची टाकी. गच्चीवर सिंक नव्हतं. कुंड्या होत्या, पण त्या रांगेच्या टोकाशी बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि त्यांची नजर शेवटच्या बाकापर्यंत पोचत होती.

सेक्रेटरी खाली बसले. हळूहळू, घोट घोट करत, वर्षभरात पहिल्यांदा, अख्खी इमारत अधीक्षकांचा चहा प्यायली. "कडू आहे," दंतवैद्य म्हणाले. "मला पुस्तकाच्या दुकानासारखा लागतोय," विमा एजंट म्हणाला, आणि स्वतःच दचकला. "मला नाही आवडला, साहेब, पण प्यायलो," सेक्रेटरी म्हणाले. बायकोने अर्धा कप प्यायला, तोंड वाकडं केलं, आणि उरलेला तिथेच, सगळ्यांदेखत, नवऱ्याच्या हातात दिला. अधीक्षकांना आतापर्यंत मिळालेल्या सगळ्या 'अप्रतिम'पेक्षा हे ऐकायला फार वाईट वाटत होतं, आणि तरी ते उठून एकेकाला पुन्हा विचारत होते.

शेवटी ते बाईंपाशी आले. बाईंनी रिकामा कप पुढे केला. तळाला तेवढी पानं होती.

"ठीक," बाई म्हणाल्या. आणि मग, जरा विचार करून, "मागे याला 'बरा' म्हटलं होतं. आज थोडा जास्त भिजवलात."

"हो, बाई," अधीक्षक म्हणाले.

सगळे गेल्यावर त्यांनी कप गोळा केले आणि खाली आणले. स्वयंपाकघरात नवी जाळी सिंकच्या तोंडावर लखलखत होती. अधीक्षक तिच्यासमोर क्षणभर थांबले, आणि कप घेऊन बाल्कनीकडे वळले. जाळीवर त्यांचा विश्वास होता. स्वतःवर नव्हता.